स्टाइनिट्झ–फॉन बार्डेलेबेन, हेस्टिंग्ज १८९५
इंग्लंडमधील हेस्टिंग्ज येथे १८९५ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धेतील विल्हेल्म स्टाइनिट्झ (पांढरी मोहरी) आणि कुर्ट फॉन बार्डेलेबेन यांच्यातील डाव. आदल्याच वर्षी इमानुएल लास्करकडून विश्वविजेतेपद गमावलेल्या स्टाइनिट्झला या स्पर्धेत पाचव्या क्रमांकावर समाधान मानावे लागले, पण तिथला सर्वांत गाजलेला डाव त्याचाच ठरला.

डावाची सुरुवात इटालियन पद्धतीची आहे. दोन्ही बाजूंची राजासमोरची प्यादी दोन घरे पुढे येतात, घोडे बाहेर पडतात आणि उंट सी४ व सी५ या घरांवर बसतात (घराच्या नावातले अक्षर उभी ओळ दाखवते, अंक आडवी). या प्रकाराच्या ‘ज्युओको पियानो’ या इटालियन नावाचा अर्थ ‘शांत डाव’ असा असला, तरी स्टाइनिट्झने सी३ व डी४ या खेळ्यांनी पटाचा मध्य लगेच उघडल्यामुळे शांततेला फारशी जागा उरली नाही. चौदाव्या खेळीला त्याचा हत्ती ई१ वर आला. आता काळ्याने किल्लेकोट केला असता, म्हणजे एकाच खेळीत राजा व हत्ती हलवून राजा कडेला सुरक्षित नेला असता, तर राजाचे संरक्षण सुटून त्याचा ई७ वरचा घोडा फुकट गेला असता. म्हणून त्याचा राजा मध्यातच अडकून पडला.

सतराव्या खेळीत स्टाइनिट्झने डी५ वर प्यादे देऊन टाकले, ते केवळ डी४ चे घर मोकळे व्हावे आणि घोड्याला तिथून ई६ गाठता यावे म्हणून. प्रेक्षकांना पुढचे हत्तीचे बलिदान जास्त आठवते, पण डावाचे खरे मर्म या साध्या प्याद्यात आहे. बाविसाव्या खेळीत हत्तीने ई७ वरचा घोडा मारून शह दिला आणि काळा राजा एफ८ वर सरकला, तेव्हा पांढऱ्याचा वजीर, दोन्ही हत्ती आणि घोडा असे चौघेही एकाच वेळी माऱ्यात होते. शिवाय काळ्याला सी१ वरचा पांढरा हत्ती शह देत मारता येत होता. तरीही काळ्याला सवड मिळाली नाही, कारण पांढऱ्याचा ई७ वरचा हत्ती एफ७, जी७ आणि एच७ या घरांवरून शहावर शह देत राहिला. जी७ वर राजाने त्याला मारावे, तर पांढरा वजीर काळा वजीर शह देतच मारतो.

पंचविसाव्या खेळीनंतर बार्डेलेबेन राजीनामा न देता सभागृहातून निघून गेला आणि त्याच्या घड्याळावरची वेळ तशीच संपली. स्टाइनिट्झने उपस्थितांना पुढची दहा खेळ्यांतली मात पटावर मांडून दाखवली.