लांब नळीची रायफल आणि तिची तुटलेली परंपरा

‘केंटकी रायफल’ हे नाव फसवं आहे. ही बंदूक घडली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात, तीही मुख्यतः जर्मन हातांत. 1815च्या न्यू ऑर्लिन्सच्या लढाईवरचं एक गाणं गाजलं आणि केंटकीचं नाव तिला कायमचं चिकटलं.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मनभाषक मुलखांतून आलेले बंदूककार लँकेस्टर, बर्क्स, नॉर्थहॅम्प्टन या भागांत स्थिरावले. येताना त्यांनी ‘येगर’ ही शिकारी रायफल आणली होती. तिची नळी आखूड आणि जाड, गोळी मोठी. पण इथला शिकारी महिनोन्महिने रानात राहणारा. गोळ्यांचं शिसं आणि बंदुकीची दारू त्याला अंगावर वाहावी लागे. गोळी लहान केली की तेवढ्याच शिशात जास्त बार निघतात. म्हणून नळीचं भोक बारीक होत गेलं आणि 30 इंचांच्या आसपासची नळी 42 ते 46 इंचांपर्यंत लांबली. दस्ता अक्रोडाऐवजी लहरदार रेषांच्या मेपलचा झाला.

नळी करणं हे सगळ्यात कष्टाचं काम. लोखंडाची जाड पट्टी तापवून सळईभोवती वळवायची आणि भट्टीत इंच-दोन इंच तापवत, ठोकत सांधायची. मग आतून कोरून सरळ करायची. गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा पाडायला लाकडाचा जाड दंडगोल असे, त्यावर पिळदार चर कोरलेले. तो ओढला-ढकलला की दांड्याच्या टोकाचं छोटं पोलादी पातं नळीत फिरत जाई आणि केसभर लोखंड खरवडून आणी. पातं कापेनासं झालं की त्याखाली कागदाचा कपटा सारायचा, की पुन्हा थोडं खोल. एकेक खाच अशी कित्येक फेऱ्यांनी पुरी व्हायची.

हे सगळं शिकायला पोरगा उस्तादाच्या घरी करारावर राहायचा, बहुधा वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत. तरी एकच माणूस सगळं करी, असं समजू नये. बर्क्समधल्या वायोमिसिंग ओढ्यावर पाणचक्कीवर नळ्या कोरून देणारे कारखाने होते. चाप ओढला की गारगोटी पोलादावर आपटून रंजकात (बार पेटवणाऱ्या चिमूटभर दारूत) ठिणगी पाडणारी कळ तर पुष्कळदा इंग्लंडहून तयार येई. लँकेस्टरचा नावाजलेला जेकब डिकर्टही अशाच पेठेत काम करत होता.

1820च्या दशकापासून केपच्या, म्हणजे गारगोटीऐवजी ठोका बसताच पेटणाऱ्या छोट्या टोपीवर चालणाऱ्या, बंदुका पसरू लागल्या (कोकणात शेतराखणीला जी ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून बार ठासून भरायची, बंदूक दिसते, तीही केपवरचीच). पाठोपाठ यंत्रावर एकसारखे भाग काढणारे कारखाने आले, आणि अमेरिकन यादवी युद्धानंतर मागून काडतूस भरायच्या बंदुकांचा जमाना. शिकाऊ पोरं येईनाशी झाली. ॲपालेशियाच्या डोंगरांत काही जण जुन्या पद्धतीने बंदुका करत राहिले, एवढंच.

1933 मध्ये ठासणीच्या बंदुकांच्या हौशी मंडळींनी राष्ट्रीय संघटना काढली. पण तिथला जोर नेमबाजीवर. बनवण्याची विद्या सलग उभी राहिली ती 1960च्या दशकात, व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्गमध्ये. तिथले बंदूककार वॉलेस गुसलर यांनी अठराव्या शतकाच्या पद्धतीने नळी, कळ, दस्ता असं सगळं एका दुकानात करून दाखवलं आणि 1969 मध्ये त्यावर माहितीपटही निघाला. विचारायला उस्ताद उरले नव्हते, तेव्हा जुन्या बंदुका खोलून त्यांच्या पोटातल्या कानशीच्या खुणा वाचाव्या लागल्या. या पुनरुज्जीवनातला मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो हाच भाग. कायदाही आड आला नाही: अमेरिकेच्या 1968च्या बंदूक-नियंत्रण कायद्याने गारगोटीच्या बंदुकांच्या नव्या प्रतिकृतींनाही पुराण्या बंदुकांसारखीच सूट दिली.

आज शिकणारे बहुतेक जण नळी आणि कळ विकतच घेतात. शुद्धतावादी त्यावर नाकं मुरडतात; अठराव्या शतकातल्या लँकेस्टरमध्ये कुणी मुरडलं नसतं. नवशिक्याचा खरा कस लागतो तो नळी दस्त्यात बसवताना. नळीला दिव्याची काजळी फासायची, खाचेत दाबायची, उचलायची. लाकडावर जिथे काळं उमटलं तिथेच पटाशीने पापुद्रा काढायचा आणि पुन्हा काजळी फासायची.