पाय : समज, आख्यायिका आणि व्यवहार

वर्तुळाच्या परिघाला व्यासाने भागले की, वर्तुळ लहान असो वा मोठे, येणारी संख्या एकच : ३.१४१५९२६५… हीच पाय. तिची दशांशस्थळे संपत नाहीत, आवर्तही होत नाहीत. गणितज्ञ लाम्बर्टने १७६० च्या दशकात हे सिद्ध केले. π या ग्रीक अक्षराचे चिन्ह विल्यम जोन्सने १७०६ मध्ये या अर्थी वापरले आणि गणितज्ञ ऑयलरमुळे ते रूढ झाले.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी शाळांत शिकलेल्या अनेकांना पाय म्हणजेच बावीस छेद सात असे वाटते. तो निव्वळ जवळचा अपूर्णांक. मात्र ‘३.१४ जास्त अचूक’ हा समजही चुकीचाच : ३.१४ पायपेक्षा सुमारे ०.००१६ ने कमी, तर २२/७ सुमारे ०.००१३ ने जास्त. म्हणजे बावीस छेद सातच सरस.

बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव (चाकावरची गोल पट्टी) बसवताना हा फरक मोजून पाहता येतो. लाकडी चाकाचा व्यास १५० सेंमी असेल, तर परीघ ४७१.२ सेंमी. ‘व्यासाच्या तिप्पट’ धरून पट्टी कापली तर ती २१ सेंमी तोकडी पडते. २२/७ धरल्यास जेमतेम २ मिमी जास्त येते. नवशिक्याचा हिशेब खरा चुकतो तो पट्टीच्या जाडीत. वाकवताना पट्टीची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दबते, म्हणून व्यासात एक जाडी मिळवून पायने गुणावे लागते. १२ मिमी जाड पट्टीला त्यामुळे सुमारे ३८ मिमी जास्त लागतात. त्यातून थोडी लांबी मुद्दाम कमी करतात, कारण धाव लाल तापवून, फुगवून चढवायची आणि पाणी ओतून आवळायची असते. ती सैल राहिली तर उन्हाळ्यात लाकूड सुकताच निसटते. फार घट्ट झाली तर आऱ्यांवर ताण येऊन चाक वाकते.

लाकडाच्या व्यापारात पाय लपून बसतो. ओंडक्याच्या गोलाईचा (घेराचा) चौथा भाग काढून त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचे, ही जुनी रीत. १२० सेंमी गोलाईला छेदाचे क्षेत्रफळ ९०० चौ. सेंमी धरले जाते, प्रत्यक्षात ते सुमारे ११४६ असते. ही साडेएकवीस टक्क्यांची तूट म्हणजे कापणीतल्या घटीची सूट समजतात. विकणाऱ्याने हे ठाऊक ठेवूनच दर ठरवावा.

भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (११५०) ३९२७/१२५० हे सूक्ष्म, तर २२/७ हे स्थूल पण ‘व्यवहारयोग्य’ मान दिले आहे. त्यांचे गाव विज्जडविड म्हणजे शेजारचे विजापूर, असे अनेक जण सांगतात. पण ते स्वतः आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाला असल्याचे लिहितात आणि विजापूर सह्याद्रीपासून बरेच लांब आहे. शिवाय त्यांच्या घराण्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण येथे आहे.

‘गोपीभाग्यमधुव्रात…’ हा श्लोक वेदातला, ही आणखी एक आवडती समजूत. कटपयादी पद्धतीने (अक्षरांना अंक देण्याची जुनी रीत) त्यातून ३१४१५९२६ हे अंक खरेच निघतात (ग ३, प १, भ ४, य १, म ५, ध ९, र २, त ६, जोडाक्षरात शेवटचे व्यंजन मोजायचे). मात्र तो कोणत्याही वेदसंहितेत नाही. १९६५ साली छापलेल्या वैदिक गणितावरील पुस्तकामुळे तो सर्वदूर पोहोचला.

पाय दिवस १४ मार्चला असतो, कारण अमेरिकेत महिना आधी लिहितात (३/१४). आपल्याकडे तारीख आधी, त्यामुळे २२ जुलै हाच हिशेबाला जुळतो; काही ठिकाणी तो ‘पाय-सन्निकटन दिन’ म्हणून पाळतातही.