मुंबईच्या रंगमंचावरचा वसंत: आमच्याबरोबर नाटकाला येणाऱ्यांसाठी

शिमगा झाला की आमच्या कोल्हापूरच्या नाट्यसहलींच्या ऑफिसात चौकशी सुरू होते, "यंदा मुंबईला कुठलं नाटक दाखवताय?" फोनवर याचं उत्तर पुरं होत नाही, म्हणून हे पत्रक काढलं आहे. नाव नोंदवण्याआधी शांतपणे वाचा आणि घरातल्या ज्येष्ठांनाही वाचून दाखवा.

पहिली गोष्ट. जे नाटक दौऱ्यावर आपल्याकडे येणार आहे, त्यासाठी आमच्याकडे पैसे भरू नका. एका दिवाणखान्यात घडणारी, चार-पाच पात्रांची कौटुंबिक आणि विनोदी नाटकं कंपनीच्या बसमधून नेपथ्यासकट गावोगाव फिरतात. मुंबई-पुण्यात नाटक चाललं की इचलकरंजीच्या घोरपडे नाट्यगृहात किंवा सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात त्याची तारीख पडतेच. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली, तेव्हा आपल्यापैकी कित्येकांनी हीच वाट धरली. अशी नाटकं तिथे बघा. खर्च वाचेल आणि रात्री घरी येऊन झोपताही येईल. आमच्याकडे कुणी अशा नाटकाचं नाव घेऊन आलं, तर आम्ही हेच सांगतो.

मुंबईला जायचं ते जे मुंबईतून हलत नाही, ते बघायला. यंदाच्या सहली आम्ही याच एका कसोटीवर ठरवतो.

त्यात सगळ्यात वर येतात मोठी म्युझिकल्स, म्हणजे गाण्या-नाचातून गोष्ट सांगणारी भव्य नाटकं. ३१ मार्च २०२३ ला वांद्रे-कुर्ला संकुलातलं (बीकेसी) नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटर उघडलं. तिथल्या ग्रँड थिएटरात २,००० खुर्च्या आहेत. त्याच वर्षी मे महिन्यात 'द साउंड ऑफ म्युझिक' आणि मार्च २०२५ मध्ये 'द फँटम ऑफ द ऑपेरा' ही परदेशी निर्मिती तिथे झाली. अशा प्रयोगांचं नेपथ्य ट्रकांनी नाही, कंटेनरांनी येतं. देखावे वरून खाली उतरवायला रंगमंचाच्या डोक्यावर भरपूर उंची लागते, समोर वादकांसाठी जागा लागते, शेकडो दिवे लागतात. आपल्या भागात अशी सोय असलेला रंगमंच नाही, त्यामुळे वाट बघण्यात अर्थ नाही. आपल्याकडची मंडळीही या प्रकारात उतरली आहेत. के. आसिफ यांच्या १९६० च्या चित्रपटावरून फिरोझ अब्बास खान यांनी केलेलं 'मुघल-ए-आझम' ऑक्टोबर २०१६ मध्ये नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात रंगमंचावर आलं. नायिका मंचावर प्रत्यक्ष गाते आणि मागे कथक नर्तिकांचा ताफा, हे बघून आलेली माणसं अजून त्याबद्दल बोलतात.

संगीत नाटकावर वाढलेल्या आपल्या प्रेक्षकाला इथे एक गोष्ट आधी माहीत असलेली बरी. आपल्या संगीत नाटकात पद सुरू झालं की गोष्ट थांबते. गायक नट राग खुलवतो, ताना घेतो, प्रेक्षकांतून वन्स मोअर आला तर पुन्हा गातो, आणि म्हणूनच कालचा आणि आजचा प्रयोग सारखा नसतो. म्युझिकलमध्ये गोष्ट गाण्यातूनच पुढे सरकते. दोघांचं भांडण, समेट, कटकारस्थान सगळं गाण्यात होऊन जातं. एका ओळीकडे लक्ष नसलं तर पुढचा प्रवेश कळत नाही. वाद्यवृंद, दिवे, नाच आणि सरकतं नेपथ्य हे सगळं ठरलेल्या क्षणाला बांधलेलं असतं, त्यामुळे वन्स मोअरला जागाच नसते. कुठल्याही एकाला कमी लेखू नये असं आमचं मत आहे. पण म्युझिकलमध्ये आलापी शोधत बसलात तर हिरमोड होईल, हे नक्की. इंग्रजी गाणी भरभर असतात आणि शब्द पडद्यावर दिसतीलच असं नाही. म्हणून प्रत्येक म्युझिकलच्या आधीच्या आठवड्यात आमच्या ऑफिसात एक संध्याकाळ ठेवतो. संपूर्ण कथा मराठीत सांगतो आणि दोन-तीन गाणी ऐकवून त्यांत काय घडतं ते समजावतो. या संध्याकाळचे वेगळे पैसे नाहीत. ती चुकवू नका. कथा आधी कळली तर मजा जाते असं काहींना वाटतं, पण आपण 'सौभद्र' बघायला जातो तेव्हा सुभद्रेचं लग्न कुणाशी होणार हे आपल्याला ठाऊकच असतं.

दुसरा प्रकार याच्या अगदी उलट, म्हणजे छोट्या जागेतलं नाटक. जुहूच्या पृथ्वी थिएटरात सुमारे दोनशे माणसं बसतात, तीही रंगमंचाच्या तीन बाजूंना. नटाने मान वळवली, आवंढा गिळला, तरी शेवटच्या रांगेतल्याला दिसतं. तेच नाटक मोठ्या नाट्यगृहात नेलं की त्यातलं निम्मं हरवतं. ५ नोव्हेंबर १९७८ ला हे थिएटर सुरू झालं, ते गो. पु. देशपांडे यांच्या 'उद्ध्वस्त धर्मशाळा'च्या हिंदी प्रयोगाने. म्हणजे सुरुवातच मराठी नाटककारापासून. इथे दोन नियम कडक आहेत. खुर्चीला नंबर नसतो, जो आधी रांगेत लागेल त्याला चांगली जागा. आणि प्रयोग सुरू झाल्यावर दार उघडत नाहीत, तुम्ही कोल्हापूरहून आला असलात तरी. त्यामुळे पृथ्वीच्या दिवशी आमची गाडी तासभर आधी जुहूत पोचलेली असते. त्या दिवशी खरेदीसाठी मध्ये थांबा मागू नये, ही विनंती.

एनसीपीएतलं टाटा थिएटर १९८० चं. अमेरिकन वास्तुशिल्पी फिलिप जॉन्सन यांनी ते असं बांधलं की माइकशिवाय बोललेलं मागपर्यंत पोचावं. ज्यांना शब्दांचं नाटक आवडतं, त्यांनी निदान एकदा इथे बसावं.

तिसरा प्रकार आमच्या सगळ्यात जवळचा. पूर्ण साथसंगतीचं, ऑर्गन-तबल्यासह होणारं संगीत नाटक. पात्रं जास्त, गायक नट मिळणं अवघड, तालमी लांबलचक. त्यामुळे असे प्रयोग मोजकेच होतात आणि ते बहुधा मुंबई-पुण्यातच. कोल्हापूरकरांनी त्यासाठी जावं असं आम्हाला मनापासून वाटतं. संगीतसूर्य केशवराव भोसले आपल्याच गावचे, जन्म ९ ऑगस्ट १८९०. ८ जुलै १९२१ ला मुंबईच्या बालीवाला थिएटरात त्यांनी आणि बालगंधर्वांनी टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' केलं, म्हणजे दोघांनी एकत्र येऊन 'मानापमान' नाटक केलं, केशवराव नायक धैर्यधर आणि बालगंधर्व नायिका भामिनी. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केशवराव गेले. वय अवघं ३१. ज्या गावाने असा गायक नट दिला आणि ज्या गावात शाहू महाराजांनी १९१५ साली पॅलेस थिएटर (आजचं केशवराव भोसले नाट्यगृह) उभं केलं, त्या गावचा प्रेक्षक जाणकार असतो, हा आमचा अनुभव आहे. प्रयोगानंतर आमच्या मंडळींनी गायकाला गाण्यातल्या नेमक्या जागेबद्दल विचारलं की त्याचा चेहरा खुलतो.

आता तारखांचं. परदेशी म्युझिकलची घोषणा काही महिने आधी होते आणि तिकिटंही तेव्हाच निघतात. स्वस्त रांगा पहिल्या दिवसांत संपतात. त्यासाठी लवकर नाव द्यावं लागेल. मराठी नाटकाचं तसं नाही. शनिवार-रविवारच्या पेपरात जाहिरात येते, प्रयोगाच्या आठ-दहा दिवस आधी प्लॅन उघडतो, म्हणजे तिकीटविक्री सुरू होते. म्हणून मराठी नाटकाच्या सहलीत आम्ही दिवस आधी पक्का करतो आणि नाटकाचं नाव प्लॅन उघडल्यावर कळवतो. ते नाटक नको असेल तर त्याच दिवशी सांगा, पैसे पूर्ण परत मिळतील. २७ मार्चला जागतिक रंगभूमी दिन असतो, त्याच्या आगेमागे मुंबईत बघण्यासारखं बरंच असतं. चैत्र पौर्णिमेच्या आठवड्यात आमची सहल नाही. जोतिबाच्या यात्रेमुळे गाड्या भरलेल्या असतात आणि आमची निम्मी मंडळी डोंगरावर असतात. एप्रिल-मेमध्ये शाळांना सुट्टी लागली की बालनाट्यांचे प्रयोग वाढतात. मुलांना त्यासाठी आणायचं असेल तर आधी सांगा, त्यांच्या बरोबरीचं नाटक निवडू. रात्रीच्या म्युझिकलला सहा वर्षांखालच्या मुलांना आणू नये, हा आमचा आग्रह आहे.

जाणं रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने, सकाळी दादर. तिथे आंघोळ, नाश्ता आणि दुपारपर्यंत विश्रांती. ही विश्रांती आम्ही मुद्दाम ठेवली आहे. रात्रभर प्रवास करून सकाळचा प्रयोग आणि लगेच दुपारचा दुसरा असा कार्यक्रम काही जण मागतात. आम्ही तो करत नाही, कारण दुसऱ्या नाटकाला निम्मी माणसं खुर्चीत डुलक्या घेतात. एका फेरीत एकच नाटक. दादरच्या शिवाजी मंदिर नाट्यगृहातला दुपारी चारचा प्रयोग असला तर तो सातच्या सुमारास सुटतो. दादर स्टेशन चालत गाठता येतं, त्यामुळे त्याच रात्रीची परतीची गाडी मिळते. बीकेसी किंवा एनसीपीएचा रात्रीचा प्रयोग असेल तर मुक्काम धरावा लागतो आणि खर्च वाढतो.

तिकिटाची छापील किंमत जेवढी, तेवढीच आम्ही घेतो. आमचा सेवाखर्च पावतीवर वेगळा लिहिलेला असतो. कलाकार आजारी पडून प्रयोग रद्द झाला तर तिकिटाचे पैसे परत, प्रवासाचे मात्र परत करता येत नाहीत. जिना चढायला त्रास होत असेल, ऐकू कमी येत असेल तर नाव देतानाच सांगा. बाल्कनीऐवजी खालच्या, पुढच्या रांगा धरू. त्या जागा आधी मागितल्या तरच मिळतात.

मोठ्या थिएटरांत बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, तेव्हा दशम्या-चटणी गाडीतच संपवा. एसी कडक असतो, ज्येष्ठांनी शाल घ्यावी. ओळखपत्र जवळ ठेवा. नोंदणी ऑफिसात समक्ष येऊन करावी. निम्मी रक्कम तेव्हा आणि उरलेली गाडीच्या चार दिवस आधी.