अंगावरचं पित्त आणि लिव्हरचं पित्त

आमच्या नाशिकमध्ये खाज सुटली की निदान घरातच ठरतं, एक तर पित्त उठलं नाहीतर उष्णता झाली. माझ्या आत्यालाही सगळ्यांनी हेच सांगितलं. ती पंचवटीत राहते, पन्नाशी ओलांडलेली, दिवसभर ठीक असायची आणि रात्री दहा वाजले की तळहात-तळपाय असे खाजायचे की बादलीत गार पाणी घेऊन पाय बुडवून बसायची बिचारी. आमसूल लावून झालं, कडुलिंबाच्या पाल्याने अंघोळ झाली, मेडिकलमधून आणलेली ॲलर्जीची गोळी तर कित्येक महिने चालू होती. पिंपळगावला द्राक्षबागेत जाणं-येणं असायचं म्हणून फवारणीवरही संशय घेऊन झाला. पण अंगावर पुरळ अजिबात नव्हतं, होते ते फक्त नखांचे ओरखडे, आणि पाठीच्या मधोमध जिथे हात पोचत नाही तेवढी कातडी एकदम स्वच्छ.

मला वाटतं अर्धा घोळ आपल्या 'पित्त' या शब्दाचाच आहे. अंगावर पित्त उठतं, गांधी येतात, ते कातडीत हिस्टामिन नावाचं ॲलर्जीचं रसायन सुटल्यामुळे, आणि तिथे ॲव्हिल किंवा सेटिरिझिन चांगली लागू पडते. लिव्हर तयार करतं ते पित्त वेगळं, हिरवट पिवळं, तेलतूप पचवणारं. ते बारीक नळ्यांमधून आतड्यात उतरतं, आणि त्यातले बाईल ॲसिड, म्हणजे तेलतूप पचवणारी आम्लं, जवळजवळ 95 टक्के आतड्याच्या शेवटाकडून पुन्हा शोषले जाऊन लिव्हरला परत येतात. या वाटेत कुठे अडलं, म्हणजे खडा अडकला, नळ्या सुजल्या, स्वादुपिंडाची गाठ दाबायला लागली, एखादं औषध सोसलं नाही, की पित्तातला माल रक्तात साठतो आणि खाज सुरू होते. यात हिस्टामिनचा फारसा हात नसतो म्हणून ॲलर्जीची गोळी खाऊन झोप येईल पण खाज काही जाणार नाही.

नेमकं खाजवतं काय, तर यात गुन्हेगार एकटा नाही. पूर्वी सगळं बाईल ॲसिडवर ढकललं जायचं, पण रक्तात ते भरपूर असूनही न खाजणारे पेशंट असतात आणि थोडे असून रात्रभर जागणारेही असतात. 2010 मध्ये ऑटोटॅक्सिन नावाचं एन्झाइम पुढे आलं, ते एलपीए नावाचा पदार्थ बनवतं आणि या ऑटोटॅक्सिनची पातळी खाजेच्या जोराशी जुळते असं दिसलं. 2019 मध्ये आपल्या नसांवरचा एक रिसेप्टर, म्हणजे संदेश पकडणारा रेणू, सापडला जो बाईल ॲसिडने चेततो. शिवाय शरीरात तयार होणारे अफूसारखे पदार्थही यात असतात. म्हणूनच खाज जास्त म्हणजे लिव्हर जास्त खराब असा हिशोब लावू नका, डोळे पिवळे व्हायच्या कितीतरी आधी खाज येऊ शकते. काविळीची माळ घालून वाट बघत बसण्यात तर फक्त वेळ जातो.

आत्याच्या रक्तात अल्कलाइन फॉस्फेटेज, म्हणजे पित्त अडलं की वाढणारं एन्झाइम, वाढलेलं निघालं, मग एएमए ही अँटीबॉडीची टेस्ट पॉझिटिव्ह आली आणि पीबीसी (प्रायमरी बिलियरी कोलँजायटिस) हे आजाराचं नाव कळलं. यात शरीराची प्रतिकारशक्ती लिव्हरमधल्या बारीक पित्तनळ्यांवरच उलटते, आणि हा आजार बायकांना खूप जास्त होतो.

उपचारात आधी अडथळा काढायचा, खडा असेल तर खडा काढला की खाज उतरते. पीबीसीला अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड देतात, ते लिव्हर सांभाळतं पण खाजेवर बहुतेकदा भागत नाही. खाजेसाठी पहिली कोलेस्टिरामिनची पावडर, ती आतड्यातच बाईल ॲसिडला धरून ठेवते आणि शौचावाटे बाहेर नेते. पोट जड होतं, बद्धकोष्ठ होतं. आणि ही पावडर बाकीच्या गोळ्याही धरून ठेवते, म्हणून त्या पावडरच्या तासभर आधी नाहीतर चार ते सहा तासांनी घ्यायच्या. तेवढ्याने भागलं नाही तर रिफॅम्पिसिन. हो, टीबीचंच औषध! आत्या चिठ्ठी बघून रडायलाच लागली होती, तिला वाटलं टीबी झाला. ते ऑटोटॅक्सिन कमी करतं, लघवी नारंगी होते त्याला घाबरायचं नाही, पण क्वचित लिव्हरलाच त्रास देतं म्हणून रक्त तपासत राहावं लागतं. त्यानंतर अफूसारख्या पदार्थांना अडवणारं नालट्रेक्सोन, एरवी नैराश्यावर देतात ते सर्ट्रालिन, आणि रक्तातली चरबी कमी करणारं बेझाफायब्रेट. लहान मुलांच्या काही जन्मजात आजारांत बाईल ॲसिड परत शोषलं जाणंच थांबवणारी नवी औषधं 2021 पासून आली आहेत. कशानेच थांबलं नाही तर निव्वळ खाजेसाठीही लिव्हर ट्रान्सप्लांटचा विचार होतो, इतकी ती माणसाला मोडते.

गरोदर बाईची गोष्ट मात्र वेगळी आणि घाईची. शेवटच्या तीन महिन्यांत तळहात-तळपाय खाजायला लागले आणि पुरळ नसेल तर 'पोट ताणलं की खाजतंच' म्हणून सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा आणि बाईल ॲसिडची टेस्ट करायची का विचारा. डिलिव्हरीनंतर आईची खाज जाते, पण रक्तातलं बाईल ॲसिड लिटरमागे 100 मायक्रोमोलच्या वर गेलं तर बाळ पोटातच दगावण्याचा धोका वाढतो, म्हणून डॉक्टर डिलिव्हरी थोडी आधी करायचं ठरवतात.