जोकरचा रिमोट अडकला नव्हता

बेळगावात, खडेबाजारात चहा पिताना 'द डार्क नाइट' (२००८) या बॅटमनच्या सिनेमाचा विषय निघाला की कुणीतरी हमखास सांगतो, "इस्पितळ उडवताना स्फोट अडकला, जोकर झालेल्या हीथ लेजरनं रिमोट बडवून सीन सावरला की!"

किस्सा झकास, पण खोटा. शिकागोत गोळ्या-चॉकलेटच्या बंद कारखान्याच्या आवारातली खरी इमारत पाडायची होती, रीटेक कुठला? तो मधला थांबा आधीच ठरवलेला, तालीम केलेला.

बेबंद वाटावं म्हणून केलेली ही काटेकोर आखणी, हेच सिनेमाचं बळ. लंगडी बाजूही तीच: प्लॅन-बिलन नसतो म्हणणाऱ्या जोकरचे सगळे बेत मिनिटाबरहुकूम जुळतात. आणि बॅटमनचा तो घोगरा आवाज? निपाणीच्या तंबाखूचा ठसका लागल्यागत!