काळ्या दगडात होकायंत्र

कन्नड तालुक्यात अंतूर किल्ल्याच्या जुन्या वाटेवर निजामशाहीच्या काळातला एक चौकोनी दगडी खांब आहे. कोणती वाट कुठे जाते, ते त्याच्या अंगावर फारसीत कोरलेलं. गौताळ्याच्या दऱ्यांत रेंज जाते, मोबाइलवरचा नकाशा उघडत नाही, तेव्हा मला या खांबाचा हेवा वाटतो.

मागे एकदा आमच्यातल्या एका पोरानं होकायंत्र बघून छातीठोकपणे "उत्तर इकडं" म्हणून बोट दाखवलं. बोटासमोर सूर्य मावळत होता. होकायंत्र त्यानं मोबाइलच्या कव्हरवर ठेवलेलं आणि कव्हरला चुंबकाचं बटण. गुरं घेऊन परतणारे एक मामा थांबले. "मावळतीकडं तोंड हाय की तुझं. उजवा हात उचल. ती बघ उत्तर," म्हणाले आणि गुरांमागं निघून गेले.

नकाशा, सुई आणि डोळ्यांसमोरचा डोंगर या तिघांची साक्ष जुळते का, हे सारखं तपासत राहायचं. सगळं कौशल्य एवढ्यात आलं.

सुरुवात नकाशापासून. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या 1:50,000 प्रमाणाच्या नकाशावर 2 सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचा 1 किलोमीटर. तपकिरी समोच्च रेषा सारख्या उंचीच्या जागा जोडतात आणि लगतच्या दोन रेषांत साधारण 20 मीटर उंचीचा फरक असतो. रेषा दाटल्या की चढ उभा, विरळ झाल्या की सपाटी. आपल्याकडे त्या आळीपाळीनं दाटतात आणि विरळ होतात, कारण सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून हे डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे झाले. म्हणून नकाशावर वाट कड्याला आडवी जाताना दिसली, तर तिथं उतरायला घळ आहे का ते आधी शोधा. ओढ्यांचा रंगही बघा. बारमाही पाणी निळं, कोरडा ओढा काळा. मराठवाड्यात काळ्या रेघाच जास्त भेटतात, तेव्हा पाण्याची बाटली घरूनच भरून घ्या.

आता सुई. होकायंत्राच्या तळाच्या सपाट पट्टीची कड नकाशावर 'आपण इथे' आणि 'जायचं तिथे' या दोन बिंदूंवर लावा, पट्टीवरचा बाण जायच्या दिशेला. सुईभोवतीची गोल तबकडी फिरवून तिच्यातल्या रेषा नकाशाच्या उत्तर-दक्षिण रेषांना समांतर करा. तबकडीची उत्तर नकाशाच्या उत्तरेकडेच हवी. मग होकायंत्र छातीसमोर आडवं धरून स्वतःभोवती फिरा. सुईचं लाल टोक तबकडीच्या उत्तर-खुणेवर आलं की पट्टीचा बाण जिकडे, तिकडे चालायचं. नजर मात्र सुईवर खिळवू नका. त्या दिशेतलं एखादं झाड किंवा सुळका हेरा, तिथवर जा, मग पुढचं.

सुई दाखवते ती चुंबकीय उत्तर आणि ध्रुवाकडची खरी उत्तर एक नसते. अमेरिकेच्या काही भागांत हा फरक 15 अंशांहून जास्त आहे. मराठवाड्यात तो एका अंशाच्या आत राहतो. एक अंश चुकला तर किलोमीटरमागे साडेसतरा मीटर बाजूला जाल, म्हणजे एखाद्या शेताच्या बांधाएवढं. पायी भटकंतीला तो सोडून दिला तरी चालतं.

आपली खरी अडचण पायाखाली आहे. बेसाल्टमध्ये, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या आपल्या काळ्या दगडात, मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असतं. लाव्हा थिजताना त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा त्यात गोठून राहिली, आणि गंमत म्हणजे दख्खनचा बराचसा लाव्हा साचला तेव्हा पृथ्वीचं चुंबकत्व आजच्या उलट होतं. तेव्हा होकायंत्र असतं तर लाल टोक दक्षिणेकडे वळलं असतं! एरवी याचा सुईवर परिणाम नगण्य असतो. पण वीज पडलेल्या कड्याच्या टोकावर खडकाचं चुंबकत्व जोरदार होतं आणि खडकाला चिकटून धरलेली सुई भरकटू शकते. ओळखायचं असं: ठरवलेल्या झाडापाशी पोचलात की वळून निघालेल्या जागेचा उत्तरेपासूनचा कोन होकायंत्रावर मोजा. जातानाच्या आणि वळून मोजलेल्या कोनात 180 अंशांचा फरक हवा. नसेल तर दोन्हींपैकी एका जागी सुई फसली आहे. दहा-वीस पावलं सरकून पुन्हा मोजा.

दिवसा साक्षीला सावली आहे. आपल्याकडे ती सर्वांत आखूड होते ती ठोक बाराला नव्हे, साधारण साडेबाराच्या आसपास, कारण आपली घड्याळं 82.5 अंश रेखांशावर लावलेली आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला. हिवाळ्यात ही आखूड सावली उत्तरेला पडते. जूनमध्ये मात्र तिच्यावर जाऊ नका, तेव्हा दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेला सरकते.

रात्री ध्रुवतारा. त्याची क्षितिजापासूनची उंची म्हणजे जवळजवळ आपला अक्षांश. कन्नडच्या डोंगरात ती सुमारे 20 अंश, म्हणजे हात लांब करून मुठीवर मूठ ठेवली की वरच्या मुठीच्या माथ्याशी. तोच तारा तुळजापुरातून पाहिलात तर अंगठ्याच्या जाडीएवढा खाली उतरलेला दिसेल.