जुन्या टाईल्सच्या पाठीवरचं सिमेंट कसं सोडवायचं

जळगाव-धुळ्याकडे जुनं घर पाडलं की सागाच्या चौकटी आणि दारं बाजूला काढून ठेवली जातात, टाईल्स मात्र डबरात जातात. कारण पाठीला चिकटलेलं सिमेंट. ते नीट सुटतं, फक्त ॲसिडच्या टबात टाकलं की आपोआप सुटेल हा समज आधी सोडावा लागतो.

हिशेब बघा. एक बाय एक फुटाच्या टाईलमागे 1 सेंटिमीटर जाड 1:4 चा (1 भाग सिमेंट, 4 भाग वाळू) माल असेल, तर त्याचं वजन दोन किलोच्या आसपास भरतं. त्यात बहुतेक वाळूच असते आणि वाळूवर हायड्रोक्लोरिक ॲसिडचा काहीच परिणाम होत नाही. ते विरघळवतं फक्त सिमेंटमधला चुना. एवढ्या मालातला सगळा चुना काढायचा तर 8 टक्क्यांचं ॲसिड तीन लिटरहून जास्त लागेल, तेही एका टाईलला! म्हणून जाड थर छन्नीने काढायचा आणि शेवटचा पापुद्रा ॲसिडने.

हे सगळं फक्त भाजलेल्या, ग्लेझ असलेल्या सिरॅमिक टाईलसाठी आहे. शहाबादी फरशी म्हणजे चुनखडक, मोझॅक म्हणजे सिमेंट आणि संगमरवराची खडी. ॲसिडचा थेंब पडताच दोन्ही फसफसतात आणि वरचा गुळगुळीतपणा कायमचा जातो.

टाईल रात्रभर पाण्यात ठेवा. भिंतीची टाईल वजनाच्या 10 टक्क्यांहून जास्त पाणी पिते. छिद्रं आधीच पाण्याने भरली की पुढे ॲसिड आत कमी शिरतं. मग ओल्या वाळूच्या थरावर टाईल उपडी ठेवा, म्हणजे खाली सगळीकडून आधार मिळतो. सपाट छन्नी जवळजवळ आडवी धरा, पाठीवरच्या खाचांच्या दिशेने चालवा आणि हलके फटके द्या. सुरुवात बाजूच्या मध्यावरून करा. कोपऱ्यावरून केली तर कोपराच उडतो. खाचांमध्ये घट्ट बसलेलं सिमेंट तसंच राहू द्या. पाठ 1 मिलिमीटरच्या फरकात सपाट झाली की पुरे. मिस्त्री इथे कोरडा ग्राइंडर लावतात, ते टाळाच. वाळूची बारीक धूळ फुप्फुसात साचून सिलिकोसिस होतो. ग्राइंडर लावायचाच असेल तर पाणी सोडून, आणि सोबत एन-95 मास्क.

बाजारातलं साधारण 30 टक्क्यांचं ॲसिड 1 भाग, पाणी 3 भाग. आधी पाणी, मग त्यात ॲसिड. उलटं कधीच नाही. टब प्लास्टिकचा हवा, लोखंडी घमेलं ॲसिड खाऊन टाकतं. हातमोजे, चष्मा आणि मोकळी जागा हवीच. ब्लीचिंग पावडर जवळपासही नको, क्लोरीन वायू सुटतो. भुसावळच्या मे महिन्यातल्या उन्हात ॲसिडच्या वाफा फार उठतात, म्हणून हे काम सकाळी लवकर उरकावं. सोनेरी किंवा चमकी नक्षी असेल तर आधी एका तुकड्यावर करून पाहा.

छन्नी मारलेली टाईल या टबात ठेवा. फसफस थांबली की ब्रशने घासा आणि साध्या पाण्याने दोनदा धुवा. त्यानंतरच 10 लिटर पाण्यात 200 ग्रॅम धुण्याचा सोडा घालून त्यात पंधरा मिनिटं ठेवा. न धुता सोड्यात टाकलं तर विरघळलेला चुना पुन्हा पांढऱ्या भुकटीच्या रूपात पाठीवर बसतो. मुळीच धुतलं नाही तर आत कॅल्शियम क्लोराइड राहतं. ते हवेतला ओलावा ओढतं आणि टाईल बसवल्यावर ओलसर डाग दिसत राहतात. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर शेवटचा हात गोड्या पाण्याचा द्या.

अलीकडच्या टाईल्स पिशवीतल्या ॲडहेसिव्हने बसवलेल्या असतात. त्यातल्या पॉलिमरला ॲसिड पुरेसं विरघळवत नाही. अशी टाईल कडकडीत पाण्यात अर्धा तास ठेवली की थर थोडा मऊ पडतो. तेव्हाच पत्तीने खरवडा. पाण्यात एकदम न टाकता कोमट पाण्यातून हळूहळू तापवत न्या, नाहीतर ग्लेझला तडा जातो. इपॉक्सीने चिकटवलेल्या टाईल्सच्या मागे लागू नका, मेहनतीच्या मानाने हाती काही येत नाही.

वाळल्यावर पाठीवर चार-पाच ठिकाणी पाण्याचा एकेक थेंब टाका. थेंब पसरून मुरला तर ती जागा तयार. गोळा होऊन तसाच राहिला तर तिथे पॉलिमरचा पापुद्रा शिल्लक आहे आणि नवं ॲडहेसिव्ह तिथेच सुटेल. हे लक्षण भिंतीच्या, पाणी पिणाऱ्या टाईलसाठी खरं. व्हिट्रिफाइड टाईल अर्ध्या टक्क्याहून कमी पाणी घेते, तिथे थेंब मुरणारच नाही. तिच्या पाठीवर खिळा ओढून पाहा आणि भुकटी किंवा साल निघाली तर पुन्हा खरवडा.